गाडी सुटते तिथे घर

माझी मुंबईला बदली झाली, तेव्हा आम्ही कुठे राहायचं हे आम्ही सोडून बाकी सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. मुलुंडच्या मामेभावाच्या मते माणसाने राहावं तर मुलुंडलाच. त्याच्या बाल्कनीतून डोंगर दिसतो आणि स्वतःच आणून ठेवल्यासारखा तो सगळ्यांना दाखवतो. घाटकोपरच्या मावशीचं म्हणणं, घाटकोपर मध्यावर आहे, कुठूनही कुठेही जा. अंधेरीच्या ऑफिसात पहिल्याच दिवशी ओळख झालेली मैत्रीण तर बोरिवलीचं नाव काढताच हसायला लागली. "वेडी आहेस का तू? तिथून पुढचा सिग्नल गुजरातचा." मुंबईकराला स्वतःचं सोडून बाकी प्रत्येक उपनगर लांब वाटतं, हे ज्ञान मला त्या आठवड्यात झालं.

मला वेगळीच काळजी होती. बाबा आमच्याबरोबर येतील का, आणि आले तर टिकतील का?

आई जाऊन वर्ष झालं होतं. मी एकुलती एक. आम्ही चिपळूणला होतो तोवर निभत होतं. गुहागरकडचं आमचं गाव तासा-दीड तासावर, दर रविवारी मी डबा घेऊन जायची. एरवी बाबा दोन्ही वेळा पिठलं-भात करून खायचे आणि विचारलं की म्हणायचे, बरं चाललंय. मी मुंबईला गेल्यावर रविवारही बंद होणार होता. त्या घरात ते एकटे राहणार, हा विचारच मला सहन होत नव्हता.

बाबा छत्तीस वर्षं एसटीत कंडक्टर होते. गावात अजून त्यांना सगळे मास्तर म्हणतात. मी विषय काढला तेव्हा ते पडवीत सुपारी कातरत बसले होते. मी भाषणच तयार करून नेलं होतं, पण त्यांनी दुसऱ्या वाक्याला हात वर केला.

"येतो गो. पण आपली गाडी सुटते तिथे घर घे."

म्हणजे बोरिवली, आमच्या गावची एसटी तिथल्या डेपोतून सुटते. मी म्हटलं, गाडी मुलुंडच्या नाक्यावरही थांबते, आणि घरं तिकडे जास्त चांगली आहेत. ते म्हणाले, थांबते, सुटत नाही. मग त्यांनी त्यांचा नियम ऐकवला. गाडी सुटते तिथूनच बसावं. मधल्या थांब्यावर हात करणाऱ्याला उभ्याने जावं लागतं. मी तशी तापट, पटकन बोलून गेले, की यायच्या आधीच परत जायची सोय बघताय तुम्ही. ते सुपारी कातरत राहिले.

तरी आम्ही घरं सगळीकडे बघितली, आणि बाबा सगळीकडे बरोबर आले. एजंट स्वयंपाकघर दाखवायचा, बाबा त्याला बसचे नंबर विचारायचे. अंधेरीत आमच्या ऐपतीतलं घर एवढं होतं, की एकाने कूस बदलली तर दुसऱ्याला उठून उभं राहावं लागेल, असं त्यांनी तिथल्या तिथे सांगून टाकलं. घाटकोपरला सोसायटीचे सेक्रेटरी फार गोड बोलले. शेवटी म्हणाले, मासे तेवढे घरात करू नका. बाबांनी चपला घातल्या. मावशी बिचारी खाली सरबत घेऊन थांबली होती.

मुलुंडच्या घरावर मात्र माझा नवरा फिदा झाला. तो घरूनच काम करतो. त्या खिडकीत टेबल कसं बसेल याची मापंसुद्धा त्याने पावलांनी घेतली. बाबा तेवढ्यात नाक्यावर जाऊन उभे राहिले. दीड तासाने आले आणि रिपोर्ट दिला. गाडी आली, बावीस मिनिटं उशिरा, खच्चून भरलेली, दोघं जण दारात उभे. मुलुंड निकालात निघालं. मामेभाऊ अजून बोलताना जरा तुटक बोलतो.

बोरिवलीचं घर साधं होतं. दुसरा मजला, जुनी इमारत, खिडकीसमोर दुसऱ्या इमारतीचे पाइप. बाबा घड्याळ लावून डेपोपर्यंत चालत गेले आणि परत येऊन म्हणाले, अकरा मिनिटं. मी मनात म्हटलं, घेऊ. निदान येतील तरी.

ते आले ते एक कापडी पिशवी घेऊन. तिच्यात एक कपड्यांचा जोड, पंचा, बॅटरी आणि गावच्या घराची किल्ली. बाकीचं सामान त्यांनी कपाटात लावलं, पण ती पिशवी दारामागच्या खिळ्याला टांगली ती तशीच राहिली. मला ती पिशवी दिसली की वाटायचं, हे निघालेच. एकदा मी ती धुवायला काढली, तर त्यांनी नुसतं माझ्याकडे बघितलं आणि मी परत लावून टाकली.

गावची गाडी संध्याकाळी साडेपाचला सुटते. बाबा रोज साडेचारला डेपोत हजर. कुणाच्या गोण्या टपावर चढवायच्या, कुठल्या म्हाताऱ्या बाईला चाकावरची सीट देऊ नये, हे सगळं ते नव्या कंडक्टरला सांगायचे आणि गाडी सुटली की घरी यायचे. बिल्डिंगमध्ये कुणी विचारलं तर म्हणायचे, मुलीकडे आलोय. चार महिने झाले तरी आलेलेच होते.

मी रोज चार वाजता ऑफिसातून माझ्या नऊ वर्षांच्या लेकीला फोन करायची. अभ्यासाचं विचारायची आणि मग विचारायची, पिशवी आहे का गं? आहे, म्हणायची ती. तेवढ्यावर माझा दिवस भागायचा.

मे महिन्यात एक दिवस ती म्हणाली, "नाहीये, आई. आजोबा आज लवकरच घेऊन गेले."

मी मीटिंग सोडून निघाले. मेट्रोत बाबांना फोन लावत राहिले, पण डेपोच्या गोंगाटात त्यांना ऐकू येत नाही. मी डब्याच्या दाराशी उभी राहून रडत होते आणि काय काय सुनावायचं ते ठरवत होते. पुढे रिक्षा केली. डेपोत गाडी उभी होती, इंजिन सुरू होतं. मी एकेक खिडकी बघत गेले. बाबा आत नव्हते. ते पुढच्या दाराशी कंडक्टरशी बोलत उभे होते आणि पिशवी त्या कंडक्टरच्या काखेत होती.

"तू कशी इतक्या लवकर?" त्यांनी विचारलं.

मी सगळ्यांसमोर तोंड सोडलं. जायचं तर सांगून जावं, मी काय तुमची कुणी नाही का, आई असती तर असं केलं असतंत का. गाडीतली माणसं खिडकीतून बघायला लागली. बाबांनी मला पूर्ण बोलू दिलं. भांडकुदळ प्रवाशांना ते असंच बोलू द्यायचे, हे मी लहानपणी कितीदा पाहिलं होतं.

"मी कुठे जातोय?" ते म्हणाले. "किल्ली जातेय."

पावसाच्या आधी घर उघडून झाडायला हवं, कौलं बघायला हवीत, देवापाशी दिवा लागायला हवा. ते सगळं शेजारची काकू करणार होती. कपड्यांचा जोड त्यांनी सकाळीच कपाटात ठेवला होता. किल्ली इथे खिळ्याला टांगून काय उपयोग, असं ते म्हणाले. मी डोळे पुसले आणि तरीही विचारलं, मग गाडी सुटते तिथे घर घे, हा हट्ट कशाला धरला होतात?

बाबा माझ्याकडे बघत राहिले. हिशेब समजावूनही सुटे पैसे मागणाऱ्याकडे बघतात तसे.

"गणपतीला चौघांनी जायचं ना? मी काय, दारात उभा राहूनही जाईन. जन्मभर उभाच होतो. तुझ्या पोरीला उभ्याने नेऊ?"

मग ते कंडक्टरकडे वळले आणि गणपतीचं बुकिंग कधी उघडणार ते विचारून घेतलं. चार सीट, म्हणाले, पोरीला खिडकी. कंडक्टरने हसून डबल बेल दिली आणि गाडी हलली. ती वळेपर्यंत बाबा हात वर करून उभे होते.

घरी येताना त्यांना भाजी घ्यायची होती आणि पिशवी तर गावाला गेली होती. मेथीच्या दोन जुड्या मी माझ्या ऑफिसच्या बॅगेत कोंबल्या. भाजीवालीने विचारलं, काका, नवीन आलात का इकडे? बाबा म्हणाले, नाही, इथेच राहतो, अकरा मिनिटांवर.