दादाच्या नावाला बांधलेला मी

खराडीच्या ऑफिसात मी काय करतो, हे बाबांना नीट सांगणं मला कधीच जमलं नाही. कंप्युटरच्या प्रोग्रॅमचा एखादा भाग त्याला लागणारी वस्तू स्वतः शोधत बसत नाही. ती त्याला बाहेरून आणून दिली जाते. एकाच प्रकारच्या दोन वस्तू असल्या, की प्रत्येकीला एक नाव द्यायचं. मागणारा नाव सांगतो आणि त्या नावाला जे बांधलेलं असेल, ते मुकाट घेतो. आम्ही मागची वस्तू बदलली, तरी त्याला पत्ता लागत नाही.

त्या शुक्रवारी ग्राहकांना मेसेज पाठवणारी आमची सेवा बंद पडली. ‘मुख्य’ या नावाला मी राखीव सेवा बांधली. एका ओळीचा बदल, मेसेज जायला लागले. साहेब म्हणाले, “चला, एकदाचे उपयोगी पडलात.” पुण्यात याला कौतुक म्हणतात.

संध्याकाळी कर्वेनगरला घरी पोचलो, तर आई दारातच उभी. “बाबांनी सकाळपासून बीपीची गोळी घेतली नाहीये. दादाच्याच हातून घेईन म्हणतायत.”

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. तो गेल्या वर्षी वारला. बाबांच्या लक्षात आता काही राहत नाही. आम्ही दोनदा सांगून पाहिलं. दोन्ही वेळा ते पहिल्यांदाच ऐकल्यासारखे ओक्साबोक्शी रडले. तिसऱ्यांदा सांगायची कुणाची छाती झाली नाही.

मी पाणी घेऊन आत गेलो.

“दादा, आलास?”

“हो बाबा.”

त्यांनी निमूटपणे गोळी घेतली. आई दाराआड सुटकेचा निःश्वास टाकत होती आणि मला मात्र भयंकर राग आला होता. ऑफिसात मागणाऱ्याला पत्ता लागू नये म्हणून आम्ही धडपडतो. इथे लागावा, असं वाटत होतं. एकदा तरी त्यांनी म्हणावं, अरे, हा दादा नव्हे.

ग्लास परत देताना त्यांनी माझं मनगट धरलं. “धाकटा कुठे असतो रे? हल्ली फिरकतच नाही. त्याला पाठव जरा.”

“पाठवतो,” म्हणालो. बाहेर गेलो, तोंडावर पाणी मारलं आणि परत आत आलो.

“बाबा, मी आलोय. धाकटा.”

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

“दादा, थट्टा पुरे. त्याला पाठव म्हटलं ना?”