हाऊसकीपिंगचे तीन तुकडे

पोशीरच्या इंदूबाईंना एक शब्द येत नव्हता, आणि त्या एका शब्दावर त्यांची नोकरी अडली होती.

नवरा, वाल्मिक, चैत्रात झोपेतच गेला. तो रसायनीच्या ज्या कारखान्यात होता, तिथल्या कंत्राटदाराने बाईंना साफसफाईवर घ्यायचं कबूल केलं. अट एकच. पहिल्या दिवशी गेटवर सेफ्टी ऑफिसरसमोर आपलं नाव आणि डिपार्टमेंट मोठ्याने, धड सांगायचं. आगीचा भोंगा झाला की तिथे डिपार्टमेंटच्या नावानेच माणसांना हाका मारतात. बाईंचं डिपार्टमेंट हाऊसकीपिंग.

एरवी इंदूबाईंची जीभ अशी, की शेजारच्या आळीतलं भांडणही त्यांच्यावाचून रंगायचं नाही. पण वाल्मिक गेल्यापासून त्या ‘हां’ आणि ‘नाय’ या दोनच शब्दांवर घर चालवत होत्या. चहा गोड लागत नव्हता, कडूही लागत नव्हता.

“आये, अख्खा नको गिळू. तीन तुकडे कर,” लेक सुप्रिया म्हणाली. “हाऊस. की. पिंग. जोर पयल्यावर, बाकीचे हलके.”

“झाडूच मारायचाय ना गं? तुकडे कशाला?”

तरी संध्याकाळी तांदळाची भाकरी थापताना सुप्रियाने त्यांना थापेबरोबर बोलायला लावलं. पहिली थाप जड, पुढच्या दोन हलक्या. आठ दिवसांत शब्द बसला. भाकऱ्या मात्र एका अंगाला जाड होऊ लागल्या. मायलेकींनी त्या मुकाट खाल्ल्या.

सोमवारी गेटवर ऑफिसरने विचारलं, “डिपार्टमेंट?”

बाईंच्या एका हातात डबा, दुसऱ्यात आधार कार्ड. तोंड उघडलं, पण हात अडकलेले, तर शब्दही निघेना.

“बोला ना, वयनी,” वॉचमन गजा पुटपुटला. वाल्मिकच्याच शिफ्टचा तो. “मागं लाईन हाय.”

बाईंनी डबा खाली ठेवला, कार्ड गजाच्या हातात कोंबलं आणि ऑफिसरच्या टेबलावर सरळ भाकरी थापली. धप्प, थप, थप.

“हाऊस-की-पिंग.”

ऑफिसरने हिंदकळणारा चहाचा कप उचलून धरला. “आवाज पोचला,” तो म्हणाला. “आता टेबल राहू द्या. जा आत.”

दुपारी सुप्रियाचा फोन आला.

“जमलं?”

“जमलं.”

“मंग? बरं वाटलं का?”

इंदूबाईंनी आत जरा चाचपून पाहिलं. हाताला काही लागलं नाही.

“वाटंल,” त्या म्हणाल्या. “तू जेवलीस का गं?”