बर्फातलं इंजिन

आमच्या आई-बाबांच्या लग्नाच्या दिवशी बाबांची गाडी दुसऱ्याच कुणाच्या तरी लग्नाला गेली होती. मुहूर्त एकच, आणि त्या माणसाला बाबांनी आधी शब्द दिलेला. त्यामुळे डिचोली तालुक्यातल्या निम्म्या नवऱ्या ज्या अमेरिकन गाडीतून सासरी गेल्या, तिच्या मालकाची स्वतःची बायको पेडण्याहून बसनं आली, मांडीवर ट्रंक घेऊन.

पेडण्याच्या मामानं, म्हणजे आईच्या थोरल्या भावानं, हे पुढं पन्नास वर्षं सोडलं नाही. बाबा दारात दिसले की हा विचारणार, "भावोजी, बाय खंय? फाटल्यान बशीन येता?" बहीण कुठं, मागून बसनं येतेय का, असं. बाबा हसायचे, पण घरी आल्यावर चिडचिड करायचे.

गाडी होतीच तशी. पोर्तुगीज अमदानीत मुरगाव बंदरात उतरलेली, एका खाणमालकानं वापरून सोडलेली. बाबांनी ती टॅक्सीसाठी घेतली आणि मग ती आमची कधी राहिलीच नाही, सदा भाड्यावर. एकदा आईला घेऊन निघाले होते. म्हापशापर्यंत पोचले आणि तिथं गिऱ्हाईक भेटलं. बाबांनी आईला पेडण्याच्या बसमध्ये बसवून दिलं. जागा खिडकीची मिळवून दिली, हे ते आजही सांगतात.

शेवटी म्हातारपणी त्यांनी ठरवलं की आता भाडी बंद, आता हिला या गाडीतून माहेरी न्यायची. त्याच वर्षी इंजिन फुटलं. चढावावर आतला दांडा ब्लॉक फोडून बाहेर आला. ब्लॉक म्हणजे इंजिनाचं बिडाचं अंग. तेच फुटल्यावर दुरुस्त काय करणार?

गोव्यात अशा गाड्यांत लोक डिझेल इंजिन बसवून मोकळे होतात. डिचोलीचा मेस्त, म्हणजे आमचा जुना मेकॅनिक, तेच म्हणाला. बाबा ऐकेनात. "तिका ट्रकाचें काळीज घालूंचें न्हय," म्हणाले. माझी छोटी गाडी अंगणात उभी होती. तीतून आई-बाबा महिन्याला पेडण्याला जाऊन येत, मामाचे टोमणे खात. पण ते जाणं बाबांच्या हिशेबी जाणंच नव्हतं. आईही कमी नाही. "ह्यांनी म्हटलां ना, म्हणजे न्हेतले," एवढंच म्हणायची. या दोघांच्या हट्टापुढं कपाळाला हात लावायला तेवढी मी उरले होते.

मी शाळेत विज्ञान शिकवते, इंग्रजी लिहिता येतं, म्हणून साता समुद्रापलीकडं इंजिन शोधायचं काम माझ्या गळ्यात पडलं. दोन वर्षं शोधलं. एक जण भारतात पाठवणार नाही म्हणाला. एकाचं इंजिन पुढच्या सालातलं, बसायच्या जागाच वेगळ्या. एकानं गोवा कुठं आहे असं विचारलं आणि मी सांगितल्यावर उत्तरच दिलं नाही. मी सोडून देणार होते. तेवढ्यात अमेरिकेच्या उत्तरेकडच्या कुठल्याशा खेड्यातून एका म्हाताऱ्या बाईचं पत्र आलं. नवरा वारला होता. त्यानं आपल्या गाडीचं इंजिन स्वतःच्या हातांनी उतरवून शेडमध्ये ठेवलं होतं. इंजिन ठणठणीत आहे, पुन्हा बसवायचं तेवढं राहिलं, असं तो तिला सांगायचा. कुणाची गाडी त्यानं चालत असेल तर मला बरं वाटेल, असं तिनं लिहिलं होतं.

मेस्तानं प्रश्न काढले आणि मी ते इंग्रजीत घातले. खारं वारं लागतं का? शेड मातीची की सिमेंटची? वाळवी आहे का? पुराचं पाणी कधी शिरलं का? उंदरांनी घर केलंय का? बाईनं एकेकाला नीट उत्तर दिलं. वर शेडचा फोटो पाठवला. खिडकीपर्यंत बर्फ. बाबांनी तो फोटो शेजारपाजारी दाखवला. "बघ गो, फ्रिजांत दवरल्लें आसा!" मेस्त म्हणाला, थंडीत लोखंड गंजत नाही. मीही मान डोलावली.

इंजिन जहाजानं मुरगावला आलं आणि बंदरात अडकलं. कागद अपुरे होते, चूक माझीच. चतुर्थीच्या आदल्या आठवड्यात बाबांनी मामाला फोन करून सांगितलं, "आतां दारांत उबो राव." मामा म्हणाला, उभा राहायला पाय आहेत कुठं, खुर्ची टाकून बसतो. चतुर्थी झाली आणि मामा वारला. त्याला पोचवायला आम्ही माझ्या गाडीतून गेलो. वाटेत म्हापशाला आई म्हणाली, "आतां कोण विचारतलो, बाय खंय म्हणून?"

त्यानंतर इंजिन आलं तेव्हा कुणाला आनंद झाला नाही, पण बाबा जिद्दीला पेटले. वर्षश्राद्धाला तरी हिला या गाडीतून नेईन, म्हणाले. मेस्तानं महिनाभर खपून इंजिन साफ केलं, बसवलं. तेल घातलं, पाणी घातलं, हातानं फिरवून पाहिलं आणि म्हणाला, पाणी रात्रभर मुरू दे, सकाळी सुरू करू.

सकाळी तेल पाहायची सळई त्यानं ओढून काढली. तेल चहात दूध घातल्यासारखं झालं होतं, म्हणजे आतून पाणी तेलात उतरलं होतं. त्यानं सळई पुसली, पुन्हा घातली, पुन्हा काढली. मग खाली वाकला. इंजिनाच्या बाजूला, जुन्या रंगाखाली, केसाएवढी एक रेघ ओली होत होती. आत तसलीच असणार, मेस्त म्हणाला. बाहेरची बुजवता येईल, आतली नाही.

"पूर आयलो ना, कोणें आपटलें ना, मगीर फुटलें कशें?" बाबा विचारत राहिले. मेस्त त्या ओल्या रेघेवरून बोट फिरवत होता. मला त्या क्षणी कळलं. गाडीतून उतरवताना इंजिनाच्या आतलं पाणी पुरतं काढलेलं नव्हतं. हिवाळ्यात ते गोठलं. गोठताना पाणी फुगतं, लोखंडालाही फोडतं. हे मी तीस वर्षं फळ्यावर लिहून शिकवलंय. पाण्यानं भरलेली बाटली फ्रिजरमध्ये ठेवून मुलांना फुटलेली दाखवलीय. खिडकीपर्यंत बर्फ असलेला तो फोटो मी स्वतः मोठा करून पाहिला होता. वाळवीचं विचारलं, उंदरांचं विचारलं. इंजिनाच्या आतल्या पाण्याचं विचारायला मला सुचलं नाही. मला स्वतःची इतकी चीड आली की मी दोन दिवस शाळेत गेले नाही.

आता दुसरं शोधायचं बळ कुणातच नाही. मेस्ताचे हात कापतात, बाबांना पायऱ्या उतरवत नाहीत.

गेल्या रविवारी त्या बाईचं पत्र आलं. सुरू झालं का, एवढंच विचारलं होतं. मी बाबांना म्हटलं, खरं काय ते कळवून टाकते.

"नाका," बाबा म्हणाले. "घोव गेलो तिचो. तेणें पाणी काडूंक ना म्हणून कळ्ळें जाल्यार ती तेंच घेवन बसतली. चालू जालें म्हण लिव."

मी म्हटलं, मला खोटं लिहिता येत नाही. ते म्हणाले, मी सांगतो, तू फक्त लिव. आणि ते डोळे मिटून सांगू लागले. सकाळी निघालो. आवाज पहिल्यासारखा. म्हापशाला गिऱ्हाईक भेटलं, त्याला नाही म्हटलं. कोलवाळच्या पुलावर काचा खाली केल्या. पेडण्याचा चढाव इंजिनानं दुसऱ्या गिअरात घेतला, हूं की चूं केलं नाही. मी एकेक वाक्य इंग्रजीत करत होते. मामाच्या घरापाशी गाडी आणली आणि बाबांना पुढं सांगता येईना.

आई आत तांदूळ निवडत होती. ती सगळं ऐकत होती हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं.

"दादा भायर खुर्ची घालून बसल्लो म्हण लिव," ती आतूनच म्हणाली. "माका देंवतना पळयलें ताणें."

आईला उतरताना त्यानं पाहिलं, असं मी लिहिलं आणि पत्र तसंच पाठवून दिलं.