शिवेवरची दुपार

त्या वर्षी मी देवावर रागावले होते, हे आधीच सांगून टाकते. आमच्या गावचा देव रवळनाथ. त्याच्याशी भांडायला मला कधी संकोच वाटला नाही, कारण माझं भांडण ऐकून घ्यायला घरात दुसरं कोण होतं? आमचे हे भले माणूस, पण काहीही विचारलं की 'बघू' म्हणून काजूच्या बागेत निघून जाणार. आणि प्रश्न तर डोक्यात भुंग्यासारखा फिरत होता. आमची एकुलती एक सायली दहावीत होती. अभ्यासात हुशार. दहावीनंतर अकरावी-बारावीला तिला कुठे घालायचं, यावर माझी झोप उडाली होती. कोल्हापूरला एक निवासी कॉलेज होतं. राहणं, खाणं, डॉक्टरकीच्या परीक्षेची तयारी, सगळं एकाच आवारात. दुसरं आपलं कणकवलीचं कॉलेज, सकाळच्या एसटीने जायचं आणि दिवेलागणीला घरी. सकाळी मला वाटायचं, कोल्हापूरच. इथे राहून पोरीचं नुकसान होईल. संध्याकाळी ती पडवीत वेणी सोडून बसली की वाटायचं, हिला घाटावर पाठवून मी इथे जेवू कशी?

सायलीला विचारलं की ती म्हणायची, "तू सांगशील थंय." एवढंच. हे ऐकून कुणाला कौतुक वाटेल, मला मात्र धडकी भरायची. त्यातच सहामाहीपासून तिचं पोट दुखायला लागलं. डॉक्टर म्हणाले, काही नाही, खाण्यापिण्याकडे लक्ष द्या. कोल्हापूरच्या कॉलेजने जागा राखून ठेवायची तर त्याच आठवड्यात कळवा, असा निरोप दिला होता. मी देवळात जाऊन गाऱ्हाणं घातलं, बा रवळनाथा, तूच काय तो मार्ग दाखव. आणि देवाने काय केलं? गावपळणीचा कौल दिला. म्हणजे अख्खा गाव घराबाहेर! आमच्याकडे काही वर्षांनी देवाचा तसा कौल होतो. मग माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्रीसुद्धा घेऊन सगळ्यांनी शिवेबाहेर जायचं, झावळांच्या खोपी घालून राहायचं. तीन दिवस गावात देवाशिवाय कुणी नाही. चूल नाही, दिवा नाही, माणसाचा आवाज नाही. मग परतीचा कौल झाला की गाव पुन्हा भरायचा. मी मनात म्हटलं, वा रे देवा, मी विचारलं काय आणि तू सांगतोस काय!

आमची खोप शिवेपलीकडे सड्यावर, डोंगरमाथ्यावरच्या सपाट माळावर होती. थंडीचे दिवस, गवत पिकून सोनेरी झालेलं, आणि दूर खाली समुद्राची एक निळसर रेघ. ती कधी दिसायची, कधी धुक्यात विरघळून जायची. आजूबाजूला सगळी ओळखीचीच माणसं, पण घराच्या भिंती नसल्या की ओळखीची माणसंही वेगळी दिसतात, तसं काहीतरी झालं होतं. कुणाला कसली घाई म्हणून नव्हती. बायका फुगड्या घालत होत्या, कुठेतरी भजन चालू असायचं आणि वाऱ्यावर त्याचे अर्धेच शब्द ऐकू यायचे. सायली गवताच्या अंथरुणावर अशी गाढ झोपली की सकाळी उन्हं अंगावर आली तरी जागी होईना. पोट दुखलं नाही. मी मात्र तिथेही गप्प बसले नाही. विज्ञानाचं पुस्तक घरी राहिलं म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळीच तिच्यावर तोंडसुख घेतलं. तीन दिवस फुकट घालवणार आहेस का, असं चारचौघांत बोलले. ती कळशी उचलून मुलींबरोबर विहिरीवर गेली.

दुपारी बाकीच्या मुली परत आल्या, सायली आली नाही. ती मागेच राहिली, एवढंच त्यांना ठाऊक. विहिरीवर गेले, तिथे नव्हती. सड्याच्या कडेने हाका मारत फिरले. आणि एकदम मनात आलं, पुस्तक! माझ्या बोलण्याचा राग येऊन ही पोर पुस्तक आणायला गावात तर गेली नसेल? गावपळणीत शीव ओलांडून परत आत जायचं नाही, हे आमच्या रक्तातच आहे. मी धावत शिवेपाशी आले. समोर आमचीच पाणंद होती, रोजची, पायाखालची. पण तिच्यावर एक माणूस नाही. कौलांवर धूर नाही. माडांच्या शेंड्यांवर नुसतं ऊन हलत होतं. इतकी शांतता मी जन्मात ऐकली नव्हती. स्वप्नात आपलंच घर दिसतं आणि त्यात आपण नसतो, तसं वाटलं. मी पाय उचलला.

"बाय, पाय मागे घे."

आवाज डाव्या बाजूने आला. करवंदीच्या जाळीशी एक म्हातारी बसली होती. नऊवारी लुगडं, कपाळाला ठसठशीत कुंकू, हातात शेळीची दोरी. मी पोरीचं सांगितलं, "माजा चेडू भितर गेला आसतला."

"तू जाताना बघलंस?"

"नाय."

"मगे बस हंय. आणि हिका जरा धर." असं म्हणून तिने दोरी माझ्या हातात दिली आणि निवांत पान लावायला घेतलं.

काय सांगू, माझी पोर सापडत नव्हती आणि मी एका परक्या बाईची शेळी धरून बसले होते! एरवी मी तिला चार शब्द सुनावले असते. पण त्या घडीला आत जाता येत नव्हतं, मागे फिरवत नव्हतं. समोर तो रिकामा गाव, आणि त्यात देव एकटा फिरत असेल, आमच्या अंगणातून, गोठ्यातून, सायलीच्या पुस्तकांजवळून. मला रडू कोसळलं. मग मी तिला सगळं सांगितलं. कोल्हापूर, कणकवली, पोटदुखी, देवावरचा राग. किती वेळ बोलत होते, कळलं नाही. शेळी माझा पदर चघळत होती, तेही उशिरा लक्षात आलं.

म्हातारी पान चावत ऐकत होती. शेवटी म्हणाली, "चेडवाक काय इचारलंस?"

"शंभर वेळा इचारलंय, खंय जातलंस म्हणान."

"खंय जातलंस, ह्याच इचारलंस. भय कसला वाटता, ता इचारलंस?"

तिने माझ्या हातातली दोरी घेतली, "येतला चेडू," असं म्हणाली आणि जाळीमागच्या पायवाटेने निघून गेली. मी समोर पाहत बसून राहिले. आणि थोड्या वेळाने सायली आली ती गावाकडून नव्हे, सड्याच्या बाजूने. केसांत गवताच्या काड्या, डोळे सुजलेले. एका खडकाआड रडता रडता तिला झोप लागली होती. ओरडण्यासाठी माझं तोंड उघडलंच होतं, खोटं कशाला बोलू? पण मी विचारलं, "तुका भय कसला वाटता गो?"

ती पायाच्या अंगठ्याने माती उकरायला लागली. मग म्हणाली, "माका जाऊचा भय नाय, आई. तू सगळ्यांका सांगलंस, आमचा चेडू डाक्टर होतला. थंय माका जमला नाय, तर मी परत येव काय?"

पंधरा वर्षांच्या पोरीने स्वतःच्या घरात परत यायची परवानगी मागावी! मी तिला जवळ ओढलं. "घर तुझा आसा गो," म्हटलं, "कधीय ये." त्या संध्याकाळी तिने आपण होऊन बाबांना सांगितलं की ती कोल्हापूरला जाऊन बघणार आहे. पुढे देवाने परतीचा कौल दिला, ढोल वाजले, आणि आम्ही गुरांच्या मागोमाग गावात शिरलो.

ती म्हातारी कोण, याची मी नंतर चौकशी केली. कुणालाच तशी बाई आठवेना. हे म्हणाले, "शेजारच्या गावातली कोण तरी आसतली." असेलही. मी वाद घालत नाही.

सायली जूनमध्ये कोल्हापूरला गेली. दिवाळीच्या आधी एका दुपारी तिचा फोन आला. आवाज अगदी बारीक. "आई, मी येव?" क्षणभर माझ्या डोळ्यांपुढून सगळी वाडी गेली, सगळ्यांचे प्रश्न गेले. आणि मग ती शिवेवरची शांतता कुठूनशी आली आणि माझ्या मनात पसरली. मी म्हटलं, "ये." का म्हणून विचारलं नाही. ती आली ती कायमची. कणकवलीच्या कॉलेजात मधूनच प्रवेश मिळवायला ह्यांना बऱ्याच खेपा घालाव्या लागल्या, पण एकदाही 'बघू' म्हणाले नाहीत. लोक बोलले, बोलायचे ते बोलले. आता ती बारावीत आहे. डॉक्टर होईल का, मला माहीत नाही, तिलाही माहीत नाही.

देवळात जाते तेव्हा मी हल्ली मार्ग विचारत नाही. मार्ग तो बघेल. माझ्याकडे त्याने एकच काम सोपवलं आहे असं वाटतं, आणि ते मला झेपण्यासारखं आहे. परवा फोंडाघाटच्या मैत्रिणीकडे राहायला जायचं म्हणून सायली निघाली. पिशवी खांद्याला लावून पायऱ्या उतरली, फाटकापर्यंत गेली आणि वळून न बघताच म्हणाली, "येतंय गो आई." मी दारातच उभी होते. म्हटलं, "ये."