सराटा सोनूच्या हातात

नागपूरच्या विमानतळावर माझ्या धाकट्या बहिणीनं, सोनूनं, माझी रकसॅक स्वतः उचलून ट्रॉलीवर ठेवली आणि कमरेचा पट्टा कसा आवळायचा ते मला तिसऱ्यांदा दाखवलं. रकसॅक तिचीच होती. डोंगराचं वेडही तिचंच. सुट्टी मिळाली की रामटेकपासून पचमढीपर्यंत पायपीट करणारी ती, आणि मिहानमधल्या एका ऑफिसात एसीत बसून लोकांच्या तक्रारींना उत्तरं देणारी मी. ऑस्ट्रेलियात वर्षभर फिरत फिरत काम करता येतं, त्या व्हिसाची सोडत निघते, हे तिनंच शोधून काढलं होतं. सोबत असावी म्हणून माझाही अर्ज तिनंच भरला. नाव माझं निघालं.

"जाय तू. मोठी आहेस," आई म्हणाली, जणू आकाशपाळण्यात बसायचा माझा नंबर आधी होता. कोळशाच्या खाणीत अख्खी नोकरी काढलेले माझे बाबा मुळात कमी बोलतात. गेटपाशी त्यांनी एवढंच विचारलं, "तिथं जेवाले काय भेटते?"

आत जाताना वळून पाहिलं तर सोनू हसत हात हलवत होती. ते हसू खोटं आहे असं मी ठरवूनच टाकलं. ती जळत असणार, असं मला वाटलं आणि त्याचं बरंही वाटलं. आज हे लिहिताना लाज वाटते. तेव्हा वाटली नव्हती.

तिकडे डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या, ट्रेकर्सच्या एका हॉस्टेलात मला काम मिळालं. सकाळी डॉर्ममधल्या बंकांच्या चादरी बदलायच्या, संडास-बाथरूम धुवायचे, ड्रायिंग रूममध्ये, म्हणजे ओले बूट आणि जॅकेटं वाळवायच्या उबदार खोलीत, हीटर लावायचा. घरी कधी स्वतःची चादर न झटकलेली मी! दुपारी शिफ्ट संपली की डोंगर मोकळा. दारात एक वही असायची. कुठल्या वाटेनं चाललो, कधी परतणार, हे लिहून निघायचं आणि आल्यावर आपल्या नावावर रेघ मारायची. सहापर्यंत रेघ नसेल तर हॉस्टेल चालवणारी मार्गो शोध सुरू करणार. पहिल्या दिवशी माझा पेन अडखळला. आमच्याकडे रेशनकार्डावरच्या नावावर रेघ मारतात ती माणूस गेल्यावर, नाहीतर मुलगी सासरी गेल्यावर.

रोज मी सोनूला फोटो पाठवायचे. साधे नाहीत, निवडून निवडून. जानेवारीत, तिथल्या भर उन्हाळ्यातही सावलीत उरलेला बर्फाचा तुकडा, कड्यावर लोंबकळणारे माझे पाय, त्या पायांत तिच्याच आवडीचे बूट. तिचं उत्तर ठरलेलं असायचं, "मस्त वं ताई!" आणि तेवढ्यावर ती आपल्या कामाला लागायची. जळफळाट कुठेच दिसेना. मग मी आणखी उंचावरून फोटो काढायचे.

आणि मग तो रविवार आला.

आमच्या कन्हानच्या घरी रविवारचं मटण बाबाच करतात, अंगणातल्या चुलीवर. खडा मसाला स्वतः भाजणार, स्वतः वाटून घेणार. मटण परतायच्या त्यांच्या सराट्याला दुसऱ्या कुणी हात लावलेला मी पाहिला नाही. लहानपणी मी किती मागे लागायचे! "सरक बाजूले, मसाला जाळशीन," हेच उत्तर. तिशीला टेकले तरी उत्तर बदललं नव्हतं. त्या रविवारी व्हिडिओ कॉल लावला तर चुलीपुढे सोनू बसलेली, सराटा तिच्या हातात. बाबा पार ओट्यावर खुर्ची टाकून, शाल पांघरून बसलेले. तिथूनच सांगत होते, "आता तेल सुटू दे. घाई नको करू, बाई."

मला कधी 'बाई' म्हटलेलं आठवत नाही.

"काहून गा बाबा, आज हिच्याकडे कसं काय?" मी हसत विचारलं. ते म्हणाले, "शिकली ते. हात चांगला आहे तिचा." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. नेटवर्क जातंय असं सांगून मी फोन ठेवला. म्हणजे मी इथं परक्या लोकांचे केस मोरीतून उपसायचे आणि हिनं तिथं माझ्या बापाची लाडकी होऊन बसायचं. इतका राग मला आयुष्यात कुणाचा आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. वहीत नाव लिहिलं आणि तणतणत चढले. वर काय पाहिलं ते आठवत नाही, वाटभर मी सोनूशी भांडत होते. चारला परतले ती मागच्या दारानं थेट ड्रायिंग रूममध्ये शिरले. कुणाला तोंड दाखवायचं नव्हतं. जॅकेटांच्या रांगेमागच्या बाकावर बसून रडले आणि उबेत तिथंच झोप लागली. नावावर रेघ मारायची राहून गेली.

सहानंतर मार्गोनं माझा बंक पाहिला, स्वयंपाकघर पाहिलं. दिवसभर ऊन होतं, त्यामुळे ड्रायिंग रूममध्ये कुणी डोकावलं नाही. दोन माणसं टॉर्च घेऊन वर निघाली. मार्गोनं माझ्या फॉर्मवरचा घरचा नंबर लावला. तो सोनूचा होता.

आरडाओरडीनं मी जागी झाले. डोळे चोळत बाहेर आले तर मार्गोनं मला घट्ट धरलं, मग चांगलंच झापलं आणि फोन हातात दिला.

"कुठं होती वं ताई तू?" सोनू रडत होती. "ते बाई विचारून राहिली, पोलिसाले कळवू का. इकडं बाबाले दम लागते, तिकडं तू हरवते. मी कोणाकोणाकडे पाहू?"

"दम? कोणता दम?"

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. सहा आठवड्यांपूर्वी बाबांना श्वास घेता येईना. चार दिवस दवाखान्यात होते. खाणीची धूळ छातीत बसली आहे, धुराजवळ जायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. आता घरी ऑक्सिजनचं मशीन आहे. आणि बाबांनी बजावलं होतं, "मोठीले सांगू नको. सांगितलं तं पोरगी धावत येईन."

ज्या खुर्चीवर मी जळले, ती त्यांना धुरापासून लांब ठेवायला मांडलेली होती.

हे कळल्यावर माझी असूया विरली असेल असं तुम्हाला वाटेल. तसं झालं नाही, उलट ती वाढली. बाबांचा श्वास अडकला तेव्हा पाठीवर हात सोनूचा होता. दवाखान्याच्या बाकावर आईशेजारी ती होती. मी त्या आठवड्यात कड्यावर पाय सोडून फोटो काढत होते. जे माझ्यासारखे लांब गेले आहेत त्यांना हे समजेल. जिथली वाईट बातमी आपल्याला सगळ्यांत आधी कळते ते आपलं घर, असं मी धरून चालले होते. मला ती सहा आठवड्यांनी कळली, तीही चुकून.

मी तिकीट काढलं आणि सोनूला फोन केला. तिला आनंद होईल असं वाटलं होतं.

"ये ना," ती म्हणाली. "पण ऐक. बाबाच्या बाजूच्या पलंगावर मीच झोपीन. मशीनचा आवाज मले समजते. तू बाहेरच्या खोलीत झोपजो. आन् आल्याआल्या मले हे कर, ते कर सांगू नको."

आवाजातली धार मी लगेच ओळखली. महिनोन्महिने फोटो पाठवून मी तीच शोधत होते. डोंगर, बर्फ, विमान, कशासाठीच तिच्या पोटात दुखलं नव्हतं. आता मी घरी येणार म्हणून दुखत होतं. आणि तिचं चुकत नव्हतं. त्या घरात माझी जागा आता मला मागून घ्यावी लागणार होती, आणि ती द्यायची की नाही हे सोनू ठरवणार होती.

"झोपीन बाहेर," मी म्हटलं. "पण मले शिकवशीन ना वं? मशीनचा कोणता आवाज चांगला, कोणता खराब?"

"पाहू," सोनू म्हणाली.