शाफ्ट वाकू दिला नाही

माझ्या ताईच्या नवऱ्याला सगळे चक्कीवाले म्हणतात. चक्की त्यांनी जन्मात चालवली नाही. ते वीजकेंद्रात टर्बाइनवर ऑपरेटर होते आणि मी तिथेच कोळशाच्या पट्ट्यावर. मंदी आली, कारखाने एकामागून एक बंद पडले आणि वीज घ्यायला गिऱ्हाईकच उरलं नाही. मालकाने बँकेचं कर्ज बुडवून गाशा गुंडाळला. बँकेने फाटकाला सील ठोकलं, आम्हा सगळ्यांना घरी बसवलं आणि एकट्या भाऊजींना ठेवून घेतलं, तेही राखणदार म्हणून, निम्म्याहून कमी पगारावर. राखायचं काय, तर गंजके पत्रे आणि एक बंद टर्बाइन.

टर्बाइनचा शाफ्ट वजनाला अफाट असतो. तो एकाच जागी पडून राहिला की स्वतःच्याच भाराने मधे झुकतो, आणि एकदा वाकला की मशीन भंगारात. म्हणून बंद असतानाही तो फिरवत ठेवावा लागतो. त्यासाठी एक छोटी मोटर असते; पण बिल थकलं म्हणून वीज कंपनीने वीजकेंद्राचीच वीज तोडली. हसू नका, खरंच तोडली. मग भाऊजी रोज सकाळी हातपंपाने बेअरिंगला तेल द्यायचे, लांब पहार खाचेत अडकवायचे आणि अंगाचा सगळा भार टाकून शाफ्ट अर्धा फेरा फिरवायचे. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. राखणदाराने खुर्चीत बसून जांभया द्यायच्या असतात.

ताई वैतागायची. "घरातला नळ फिरत नाहीये, तो बघा आधी."

"अगं, उद्या केंद्र सुरू झालं तर? शाफ्ट वाकडा निघाला तर सगळ्यांच्या पोटावर पाय येईल."

खरं सांगायचं तर त्या शाफ्टवर आमचा सगळ्यांचा जीव टांगलेला होता. फाटकासमोरच्या चहाच्या दुकानात बिनकामाची माणसं दिवसभर एका कपावर बसून असायची. भाऊजी बाहेर आले की कुणीतरी विचारायचंच, "फिरतोय ना, चक्कीवाले?" ते मान हलवायचे. तेवढ्यावर आमचा दिवस निघायचा. भाबडेपणाला काही औषध नसतं.

पहिल्याच वर्षी एक खरेदीदार आला. बँकेचा साहेब सोबत होता. खरेदीदार टर्बाइनभोवती फिरला, बाही वर करून त्याने स्वतः पहार ओढून पाहिली आणि म्हणाला, "जुनी माणसं परत घेतो, वर्षाच्या आत धूर काढतो. पण किंमत कर्जाच्या निम्मी देईन." साहेबाने भाऊजींना बाजूला घेतलं. मी तिथेच होतो, चहा घेऊन गेलो होतो.

"मशीन असंच ठेवलं तर किती टिकेल?" साहेबाने विचारलं.

भाऊजींची छाती फुगली. "साहेब, मी आहे तोवर त्याला काही होत नाही. काळजीच सोडा."

आम्हाला वाटलं, भाऊजींनी आपली बाजू भक्कम मांडली. खरेदीदार पुन्हा फिरकला नाही. तो लबाडच होता, असं आम्ही दुकानात एकमताने ठरवून टाकलं.

मग वर्षं गेली. मंदी सरली म्हणे. सरली असेल, आमच्या गल्लीत ती निरोप घ्यायला आली नाही. कारखाने सुरू झाले तर त्यांना वीज पुरेना; ते डिझेलवर जनरेटर चालवायचे आणि खर्च परवडत नाही म्हणून माणसं कमी करायचे. संध्याकाळी घरातले दिवे जायचे, आणि खिडकीतून समोर दिसायची आमची धुराशिवायची चिमणी. मी गोदामात पोती उचलून पाठ मोडून घेतली. तरणी पोरं शहर सोडून गेली. बँकेचा तपासनीस मात्र दर वर्षी नेमाने यायचा. भाऊजी त्याला शाफ्ट फिरवून दाखवायचे, तो खूश होऊन जायचा आणि आम्ही म्हणायचो, बघा, बँक लक्ष ठेवून आहे.

शेवटी सरकारने बँकांची बुडीत कर्जं आपल्या अंगावर घेतली. बँका तरल्या. वीजकेंद्र वजनावर भंगारवाल्याला गेलं.

किल्ल्या द्यायला भाऊजी बँकेत गेले. सोबत मी होतो. तोच साहेब आता मोठ्या खोलीत बसत होता. त्याने आम्हाला खुर्च्या दिल्या, चहा मागवला.

भाऊजी म्हणाले, "साहेब, शाफ्ट अजून सरळ आहे. भंगारात का दिला?"

"आता आमच्या हातात काही नाही हो," साहेब म्हणाला. माणूस वाईट नव्हता, तेच तर दुखतं. "पण तुमचे उपकार आहेत. निम्म्या किमतीला विकलं असतं तर उरलेल्या निम्म्या कर्जाचा तोटा त्याच वर्षी दाखवावा लागला असता. बँकच बसली असती. मशीन चालू स्थितीत आहे म्हणून आम्हाला वहीत कर्ज पूर्ण किमतीचं दाखवता आलं. तुम्ही आमची बँक वाचवलीत."

भाऊजींनी कप खाली ठेवला. "आणि शाफ्ट वाकायला लागला असता तर?"

"तर काय, घाई करावी लागली असती. त्या पहिल्या माणसालाच देऊन टाकलं असतं."

साहेबाने हात पुढे केला. भाऊजींनी तो हातात घेतला, सवयीने. मला तिथेच टेबल उलटं करावंसं वाटलं, पण आयुष्यभर साहेबांपुढे उभं राहिलेल्या माणसाच्या अंगात तेवढी धमक उरत नाही.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "भाऊजी, हे कुणाला सांगायचं नाही. मेलेल्या गोष्टी कशाला उकरायच्या?"

"सांगायचं," ते म्हणाले, आणि तडक चहाच्या दुकानाकडे निघाले.

तिथे होते त्या सगळ्यांना त्यांनी उभ्यानेच सांगितलं. "खरेदीदार लबाड नव्हता. त्याला द्यायचं नाही हे बँकेला परवडलं ते माझ्या जिवावर. मी पहार एकदा जरी खाली ठेवली असती, तरी तुम्ही सगळे कामावर असता." एवढं बोलून ते थांबले. आत भंगारवाल्याचे गॅस कटर चालू झाले होते, त्यांचा आवाज फाटकापर्यंत येत होता.

"अरे, शिव्या तरी द्या कुणीतरी," भाऊजी म्हणाले.

बॉयलरवर आयुष्य काढलेले काका तिथे बसले होते. दोन्ही पोरं दूर गेलेली, घरात एकटा माणूस. ते उठले, भाऊजींना धरून बाकावर बसवलं आणि म्हणाले, "तुला कसल्या शिव्या द्यायच्या? तू आपलं काम केलंस."

केंद्र बंद पडलं तेव्हा माझे भाऊजी रडले नव्हते, ते त्या वाक्याला रडले.

"तेच केलं ना," ते म्हणाले. "तेच केलं."