थोरल्या-धाकट्यांचा भुयारी मार्ग

माझी आत्या आतल्या गाठीची. रागावली तरी आदळआपट करायची नाही, आवाज चढवायची नाही. डूख मात्र धरायची, आणि एकदा धरला की पोटच्या पोरासारखा सांभाळायची. तिच्या शिवणकामाचं कौतुक अख्खं गाव करायचं. तिचं हे दुसरं कसब फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. मला होतं, कारण तिच्या दुकानात काजं-बटणं करायला मी बसायचे, आणि तिने डूख धरला होता तो तिच्या सख्ख्या भावावर, म्हणजे माझ्या वडिलांवर.

बाबा आणि काका बांधकामाचे ठेकेदार. गाव त्यांना थोरले-धाकटे म्हणायचं, तेही एका दमात, जणू एकच माणूस. शाळेची पाण्याची टाकी, वाचनालयाची खोली, बसथांब्याची शेड, सगळं त्यांनी पदरमोड करून बांधून दिलं. हे खरं आहे आणि ते कुणी नाकारत नाही, आत्यासुद्धा नाही. फक्त बाबांना केलेलं काम दिसावं लागायचं, आणि काम करतानाचे बाबाही त्यात दिसावे लागायचे. काका त्यांच्या शब्दाबाहेर नव्हते.

महामार्ग गावाच्या मधून जायचा. घरं अलीकडे, बाजार पलीकडे. रोज जीव मुठीत धरून लोक पळत रस्ता ओलांडायचे. थोरल्या-धाकट्यांनी मनावर घेतलं आणि पायी जाणाऱ्यांसाठी लोखंडी पूल उभा केला. रंगबिंग देऊन तो पुरता तयार झाला आणि बाबांनी दोन्ही टोकांच्या फाटकांना कुलपं घातली. उद्घाटनाला राजधानीतून मोठे पाहुणे यायचे होते आणि त्यांची तारीख पुढे पुढे जात होती. पाहुण्यांच्या आधी पायऱ्यांना कुणाचे पाय लागता कामा नयेत, असं बाबांचं म्हणणं. लोक वर पुलाकडे बघायचे आणि खालून पळायचे.

आतोबांचं पलीकडे घड्याळं दुरुस्त करायचं छोटं दुकान होतं. ते घाईचे नव्हते, पळणं त्यांना जमायचं नाही. एका सकाळी दुकानाला जाताना, बरोब्बर त्या पुलाखाली, ट्रकने त्यांना उडवलं. ते जागीच गेले.

पाहुणे त्यानंतर आले. बाबांनी भाषण केलं, या पुलासाठी आमच्या घराने फार मोठी किंमत मोजली असं म्हणाले, डोळे पुसले. लोकही रडले. कुलपाचं नाव त्यांनी काढलं नाही, तेव्हाही नाही आणि पुढेही कधी नाही. विषय निघाला की ट्रकवाला प्यायलेला होता, एवढंच सांगायचे. काका मान खाली घालायचे. पुढे काकाही गेले, मान तशीच खाली ठेवून.

आत्याची मागणी मोठी नव्हती. दोरा दाताने तोडता तोडता तिने ती मला कितीदा तरी सांगितली होती. दादाने चारचौघांत एकदा म्हणावं की पूल तयार होता आणि मी कुलूप लावून ठेवलं होतं. बास. आमच्याकडे तिची ये-जा चालू होती, हसणंबोलणं होतं. सगळ्यांना वाटलं, विसरली. मलाही वाटलं होतं.

मग महामार्ग रुंद झाला आणि तो लोखंडी पूल कापून भंगारात गेला. बाबा आठवडाभर नीट जेवले नाहीत. पण महामार्गाच्या कचेरीतला साहेब येऊन सांगून गेला की नव्या रस्त्यावर दोन बांधकामं होणार आहेत, एक मोठा उड्डाणपूल आणि एक पायी जाणाऱ्यांसाठी भुयारी मार्ग. त्यातल्या एकाला, गावासाठी ज्यांनी बांधकामं केली अशा गावातल्याच कुणाचं तरी नाव द्यायचं. समिती नेमा आणि ठरवा. दुसरं नाव कोणाच्या डोक्यात येणार? बाबा रोज संध्याकाळी उड्डाणपुलाचं काम बघायला जाऊ लागले. त्याला डौलदार वळण होतं, दिव्यांची रांग होती.

समितीत निवृत्त हेडमास्तर होते, औषधवाले होते आणि आत्या होती. गावातला प्रत्येक माणूस कधी ना कधी तिच्या टेपखाली उभा राहिलेला, त्यामुळे तिला वगळून समिती होणारच नव्हती. हेडमास्तरांनी उड्डाणपूल सुचवला. सगळे हो म्हणणार तेवढ्यात आत्या बोलली.

"माझ्या भावांनी पूल बांधला तो पायी जाणाऱ्यांसाठी. उड्डाणपुलावरून काय, परगावच्या गाड्या जाणार. नाव द्यायचंच तर जिथून आपली माणसं चालणार तिथे द्या."

हेडमास्तरांना गहिवरून आलं. बहीण असावी तर अशी, असं औषधवाले दुसऱ्या दिवशी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत होते. बाबांच्या तोंडचं पाणी पळालं, पण बोलणार काय? चालणारी माणसं मला कमी वाटतात, असं म्हणणार?

मीही आत्याच्या मोठ्या मनाचं कौतुक करत दुकानात आले. ती अस्तर कापत होती. मान वर न करता तिने विचारलं, भुयारी मार्ग कुठे खणलाय ते बघितलंस का? मी नव्हतं बघितलं. ती म्हणाली, गावातला सगळा उतार तिकडेच जातो, आता तू बघच. आणि हसली. तिचं ते हसणं बघून माझ्या हातातली सुई थांबली.

मोठ्या स्टीलच्या अक्षरांत नाव लागलं. थोरले-धाकटे भुयारी मार्ग. बाबांनी हसऱ्या चेहऱ्याने फीत कापली. मग पाणी आलं. पंप बसवला तो बिघडला. दिवे चोरीला गेले. अंधार झाल्यावर पुरुषांनी भिंतीचा जो उपयोग करायचा तो केला. भटक्या कुत्र्यांनी आत संसार मांडला. आणि गावाची जीभ तर काय, मोकळीच. थोरल्या-धाकट्यांत गुडघाभर पाणी आहे. थोरल्या-धाकट्यांतून जाताना नाक धरा. काल थोरल्या-धाकट्यांत माझा पाय घसरला, अख्खी पँट धुवावी लागली.

दुकानात कुणी असं काही बोललं की आत्या टेप गळ्यात टाकून अगदी भोळेपणाने विचारायची, "कुठे म्हणालात?" गिऱ्हाईक पुन्हा सांगायचं. तिला कमी ऐकू येतं असं वाटून आणखी मोठ्याने सांगायचं. मला हसू फुटायचं आणि मग हसल्याचा राग यायचा. ते माझे वडील होते. रात्री मला त्यांच्या ताटात वाढायचं होतं.

बाबांनी स्वतःची माणसं लावून मार्ग धुऊन घेतला. आठ दिवसांत पुन्हा तेच. त्यांनी फिरायला जाणं सोडलं. पेपर वाचताना ते मधेच थांबायचे आणि मला विचारायचे, आज तुंबलंय का? मी नाही म्हणायचे. वास माझ्या चपलांना असायचा.

शेवटी औषधवाल्यांनाच दया आली. उड्डाणपुलाला अजून नाव दिलेलं नाही, तर हे नाव तिकडे हलवू, असं त्यांनी सुचवलं. बैठक ठरली. सगळं आत्यावर होतं. बहिणीच्या मनाविरुद्ध समितीतलं कुणी हात वर करणार नव्हतं.

त्या आठवड्यात बाबांनी मला समोर बसवलं. बराच वेळ चष्मा पुसत राहिले आणि मग म्हणाले की आतोबा अपघाताच्या आदल्या दिवशी त्यांच्याकडे फाटकाची किल्ली मागायला आले होते. किल्ली खिशातच होती. बाबांनी त्यांना सांगितलं, इतके दिवस थांबलात, आणखी चार दिवस थांबा. हे बोलताना त्यांचा चेहरा लहान मुलासारखा वेडावाकडा झाला. मी त्यांना असं रडताना कधी पाहिलं नव्हतं. तूच सांग तिला, म्हणाले, माझ्याने होणार नाही.

मला वाटलं, सुटली गाठ. मी जवळजवळ धावतच दुकानात गेले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. आत्या इस्त्री करत होती. तिने कॉलर उलटवली, त्याही बाजूवरून इस्त्री नीट फिरवली.

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "किल्ली मागायला मीच पाठवलं होतं त्यांना."

तिने इस्त्री उभी करून ठेवली.

"हात हलवत परत आले, तेव्हा मी हसलेसुद्धा. म्हटलं, दादाला पाहुण्यांची हौसच फार. ते हसणं मी रोज गिळते. त्याने त्याचं ओकावं की एकदा. आणि तुला कसलं सांगतो? तुला सांगून काय होणार? त्याला तोंड नाही?"

मी घरी येऊन बाबांना जसंच्या तसं सांगितलं. तिला सगळं ठाऊक आहे, फक्त तुमच्या तोंडून ऐकायचंय.

बैठकीच्या दिवशी दुपारी ते खरंच दुकानात आले. दारात उभे राहिले. हेडमास्तर नव्या कोटाच्या मापाला आले होते, अंगावर टाचण्या लावलेल्या. बाकावर औषधवाल्यांची बायको पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. बाबांनी आत्याकडे बघून मानेने बाहेर ये अशी खूण केली. हेडमास्तर समजूतदारपणे बाजूला व्हायला लागले.

"हलू नका, बाही व्हायचीय," आत्या म्हणाली. मग बाबांकडे वळली. "बोल दादा."

मी मशीनवरचा पाय काढला. बाबांनी हेडमास्तरांकडे पाहिलं, त्या बाईंकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. त्यांचे ओठ हलले. मी मनातल्या मनात म्हणत होते, बोला, बोला, चारच शब्द आहेत. एवढी लाज तर रोज निघतेच आहे, आता ही शेवटची.

"शर्टाचं बटण सैल झालंय," बाबा म्हणाले.

आत्या त्यांच्याजवळ गेली. बटण दोन बोटांत धरून ओढून पाहिलं. पक्कं होतं, मीच लावलेलं. तिने कात्री घेतली, बटण कापलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. "नीट लावून दे," म्हणाली आणि बाहीकडे वळली. मी लावेपर्यंत बाबा खांबासारखे उभे राहिले. माझ्या हाताला त्यांची छाती धडधडताना लागत होती आणि मला त्यांची कीव येत नव्हती. याचं मला पुढे वाईट वाटेल असं वाटलं होतं. तेही वाटलं नाही.

संध्याकाळी औषधवाल्यांनी ठराव मांडला आणि सगळ्यांनी आत्याकडे पाहिलं. माणसं जिथून चालतात तिथेच नाव शोभतं, असं ती म्हणाली. ठराव बारगळला.

मी घरी आले तेव्हा बाबा जेवणाच्या टेबलाशी बसून होते. काय झालं, त्यांनी विचारलं. नाव आहे तिथेच राहणार, मी सांगितलं. मग मी म्हटलं, "आत्याचं दुकान अजून उघडं आहे, बाबा. ती एकटीच आहे."

बाबांनी ताट पुढे ओढलं.

"वाढ," म्हणाले.